दोघींच्या खोलीतलं कुलूप

एकाच डब्यातलं जेवणाऱ्या माणसाच्या डोळ्यांदेखत तुम्ही कधी कपाटाला कुलूप लावलं आहे का? लावलं असेल तर माझं बोलणं तुम्हाला कळेल. मी तसंच एक कुलूप बोलतोय. किल्लीचा नव्हे, चाकांचा.

मला चार चाकं आहेत. पहिल्या दोन चाकांवर दहा-दहा इंग्रजी अक्षरं, पुढच्या दोहोंवर शून्य ते नऊ. दहा गुणिले दहा गुणिले दहा गुणिले दहा, म्हणजे दहा हजार जुळण्या. दिल्लीच्या करोल बागेतल्या दुकानदाराने हे सांगितलं तेव्हा मला फार मोठं वाटलं होतं. आज तोच आकडा आठवला की मान खाली जाते.

मला विकत घेतलं संपदाने. ती पुण्याची, गुडगावला एका कंपनीत नोकरीला. करोल बागेतल्या एका पीजीच्या खोलीत ती राहायची, आणि तिच्यासोबत राहायला बीडकडची गिरिजा आली. गिरिजा स्पर्धा परीक्षेची तयारी करत होती. तिची लोखंडी पेटी कायम उघडी. चिवडा, शेंगदाण्याची चटणी, जे घरून येईल ते ती आधी संपदापुढे ठेवायची.

काहीही चोरीला गेलं नव्हतं, हे मला आधीच सांगायला हवं. फक्त संपदाच्या आईने फोनवर विचारलं, "मुलगी कुठली, कोणाची, काही माहीत आहे का तुला?" दुसऱ्या दिवशी मी कपाटाला लटकलो. गिरिजाने मला पाहिलं आणि ती डब्यातली भाजी दोन वाट्यांत वाढत राहिली.

एकदा ती हसत म्हणाली, "संपदाताई, नावातली अक्षरं आणि वाढदिवसाची तारीख नका ठेवू हं. मला न बघता कळली." तिने काळजीने सांगितलं होतं. संपदा दचकली आणि त्याच संध्याकाळी तिने माझी जुळणी बदलली. ती घाईत केली, आणि विसरली.

हे तिला कळलं एका सोमवारी. ऑफिसतर्फे तिला परदेशी पाठवणार होते. मंगळवारी सकाळी व्हिसासाठी तिला बोलावलं होतं आणि पासपोर्ट माझ्याआड होता. सोमवारी करोल बागेचा बाजार बंद, त्यामुळे चावीवालाही नाही. तिने हातोडी मागितली तर मालकीणबाई म्हणाल्या, "हथौड़ा नहीं चलेगा बेटा, अलमारी मेरी है."

संपदा पलंगावर बसून रडायला लागली. "ही तारीख गेली ना यार, तर माझ्याऐवजी दुसऱ्या कोणाला पाठवतील."

गिरिजाने पुस्तक मिटलं. "काय काय आठवतंय ते सांगा."

"अक्षरं आई, बाबा आणि दादाच्या नावांतली. बी, डी, एच. त्यातली दोन, वेगवेगळी. आकडेही दोन वेगवेगळे, आणि शून्य नाही." मग संपदाने डोळे पुसले. "म्हणजे तीन, दोन, नऊ, आठ. बावीसच वेळा तर फिरवायचं."

"बेरीज नाही हो. तीन कुर्ते आणि दोन ओढण्या असल्या तर जोड्या किती होतात?"

"सहा."

"तशाच अक्षरांच्या सहा जोड्या. प्रत्येक जोडीला पहिला आकडा नऊ तऱ्हांनी येईल आणि त्या प्रत्येकाला दुसरा आठ तऱ्हांनी. म्हणजे बहात्तर. सहा बहात्तर चारशे बत्तीस. एकेकाला चार सेकंद धरले तरी अर्ध्या तासात होईल. अक्षरं तशीच ठेवा आणि आकडे क्रमाने वाढवत न्या, म्हणजे काही सुटणार नाही."

"तूच फिरव ना. मला नाही जमणार."

"नको." गिरिजा उठली आणि पुस्तक घेऊन बाल्कनीत निघाली.

"अगं, थांब ना इथेच."

"उघडेल तेव्हा आकडे माझ्या नजरेला पडायला नकोत."

ती हे रागाने बोलली असती तर मला सोसलं असतं. ती अगदी साधेपणाने बोलली. मी लोखंडाचा, तरी त्या क्षणी गंजून गळून पडावं असं मला वाटलं. दहा हजारांच्या जोरावर मी ज्या मुलीला अडवत होतो, तिला दहा हजारांवरून चारशे बत्तीसवर यायला दोन मिनिटंही लागली नव्हती. आणि ती माझ्याकडे पाठ करून बसली होती.

अक्षरांच्या चौथ्या जोडीवर मी उघडलो. माझा खटका इतका मोठा कधीच वाजला नव्हता.

"उघडलं गं," संपदा म्हणाली.

"बरं झालं. पासपोर्ट आधी पर्समध्ये टाका."

संपदा मला हातात घेऊन बाल्कनीच्या दारात गेली. "आईने सांगितलं म्हणून लावलं होतं, गिरिजा. माझ्या मनात तसं काही नव्हतं."

"माहीत आहे. त्या दिवशी फोनवरचं ऐकू आलं होतं मला." गिरिजाने पान उलटलं. "जेवून घ्या. डबा गार होतोय."

मला प्रवासातल्या बॅगेला लावा, सायकलीला लावा, रिकाम्या घराला लावा. तिथे मी जीव तोडून राखण करीन. पण सोबत राहणाऱ्या माणसासमोर मला लटकवू नका. मी काय राखतो, यापेक्षा मी कोणाला काय म्हणतो हे तिथे जास्त दिसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी संपदा कपाट उघडं ठेवून व्हिसासाठी गेली, आणि ती परत येण्याआधी गिरिजा आपली पेटी घेऊन वरच्या मजल्यावरच्या खोलीत राहायला गेली.