साडेसोळा सेकंद

"पांढरा रुमाल नको," शेषराव म्हणाले. "लाल आन."

सरफराज गाडीपाशी रुमाल घेऊन उभा होता, तो तसाच थांबला. "काका, रुमाल तं रुमाल. त्यात लाल-पांढरं काय?"

"मले दिसला पाह्यजे."

"आत्ता दिवाळीत तं चष्मा बदलला तुमी!"

मग मायानेच वाद मिटवला. तिने आपल्या गाडीच्या मागच्या सीटवरची लाल ओढणी काढून सरफराजच्या खांद्यावर टाकली आणि ती बापाला म्हणाली, "झालं समाधान? चला आता, तुम्हाला तिकडच्या दगडापाशी सोडते."

अकोल्याच्या बाहेर, पातूरच्या अंगाला, जानराव बापूंच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग-कारखान्यामागून हा जुना डांबरी रस्ता जातो. नवा रस्ता झाल्यापासून इकडे बकऱ्यांशिवाय कोणी फिरकत नाही. त्यामुळे मैलाच्या जमान्यातले फर्लांगचे दगड अजून जागेवर आहेत. फाटकापासच्या दगडापासून कडुनिंबाखालच्या दगडापर्यंत बरोबर पाव मैल, आणि रस्ता असा सरळ की या टोकाचा माणूस त्या टोकाला दिसावा.

फाटकाशी दोन गाड्या उभ्या होत्या. एक जानराव बापूंची हिरवी ट्रायम्फ. विलायती, दोन माणसांची, छप्पर नसलेली, दारं इतकी ठेंगणी की बसल्या जागी हात खाली सोडला तर रस्त्याला लागावा. दुसरी मायाची पांढरी स्विफ्ट. माया अमरावतीच्या पॉलिटेक्निकमध्ये पदार्थविज्ञान शिकवते. तिच्या गाडीत मागे डबा, छत्री आणि तपासायच्या पेपरांचा गठ्ठा होता.

बापू जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याआधीपासूनच जिनिंग धापा टाकत होती, आता तिथे प्लॉट पडणार होते. मुलं नागपूरला. त्यांनी गाडी पुण्याच्या एका शौकिनाला दिली, आणि आज दुपारी ट्रक येणार होता. ही बातमी कळली तेव्हा त्या गाडीची देखभाल करणारा बद्रुद्दीन मिस्त्री दोन दिवस जेवला नाही आणि तिसऱ्या दिवशी त्याने फर्मान काढलं, "जायच्या आधी एकदा पळवीन. अन् आजकालच्या एखाद्या गाडीसंग पळवीन. पाहू द्या लोकायले, काय चीज होती थे."

लोक म्हणजे कोण, तर त्याचा मुलगा सरफराज, शेषराव आणि माया. बाकीचे लोक आता उरले नव्हते.

एके काळी मात्र होते. एकोणीसशे सदुसष्टच्या डिसेंबरात या रस्त्याच्या दोन्ही कडांना कापसाच्या गाड्या लागल्या होत्या आणि गाडीवान धुऱ्यांवर, म्हणजे शेतांच्या बांधांवर, चढून बघत होते. त्या वर्षी अमरावतीच्या एका कापूसवाल्याने नवी मोटार आणली होती आणि पाव मैल सतरा सेकंदांत मारला होता. हे ऐकून बापूंना अन्न गोड लागेना. अकोल्याने अमरावतीच्या मागे राहायचं म्हणजे काय! त्यांनी आपल्या मोटारीवर सव्वीस वर्षांच्या बद्रुद्दीनला बसवलं, कारण ती त्याच्याच हाताला वश होती. दोन्ही कार्बोरेटर असे जुळवायचा की इंजिन एका सुरात बोले. आणि घड्याळ दिलं शेषराव तायडेला. तो जिनिंगच्या कापूस तोलायच्या काट्यावर मदतनीस होता, चोवीस वर्षांचा, मॅट्रिक झालेला. त्याच्या हाती ते देताना दोघा-तिघांनी त्याची जात काढून नाकं मुरडली होती. आता जिनिंगचा काटा बी यांच्याच हाती देसान का बापू, असंही कोणी म्हणालं होतं. शेषरावांच्या कानांनी ते ऐकलं होतं.

बद्रुद्दीनने गाडी पळवली. शेषरावने घड्याळ बघितलं आणि सांगितलं, "साडेसोळा."

अकोला जिंकलं. गाडीवानांनी बद्रुद्दीनला खांद्यावर घेतलं आणि त्या दिवसापासून तो साडेसोळा मिस्त्री झाला. लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा लोक तसंच घालायचे. त्याच्या गॅरेजवर आजही पाटी आहे, "साडेसोळा ऑटो गॅरेज". दुसऱ्या दिवशी बापूंनी ते घड्याळ शेषरावला बक्षीस दिलं आणि वर काटाही दिला. म्हणाले, "ज्याच्या हाती सेकंद चुकत नाही, त्याच्या हाती किलो कसा चुकन?"

शेषरावांनी तो काटा पस्तीस वर्षं चालवला. शेषरावचं माप म्हणजे बोलायचं काम नाही, असं पातूरपासून बाळापूरपर्यंतचा शेतकरी म्हणायचा. आता रोज सकाळी पेपरात कोणा ना कोणा शेतकऱ्याने जीव दिल्याची बातमी असते आणि गावाचं नाव वाचलं की शेषरावांना तिथल्या बैलगाड्या आठवतात. कोणाचा कापूस कसा होता, कोण पावती कपाळाला लावून घ्यायचा. पेपर घडी घालून ते बराच वेळ ओट्यावर बसून राहतात.

मायाने त्यांना कडुनिंबाखाली सोडलं आणि ती परत फाटकाकडे गेली. शेषरावांनी खिशातून घड्याळ काढलं. आज त्यांना मनातून भीती वाटत होती आणि तिचं कारण फक्त त्यांनाच माहीत होतं.

त्या दिवशी त्यांना गाडी सोडायच्या इशाऱ्याचा रुमाल दिसलाच नव्हता. रुमाल पांढरा, मागे पांढऱ्या गाड्या, हवेत कापसाची रुई उडत होती. ते डोळे ताणून बघत राहिले आणि एकाएकी इंजिनाचा आवाज चढलेला कानावर आला. दचकून त्यांनी घड्याळ दाबलं. आवाजावर दाबलं. मान वर करतात तो गाडी फाटकापासून केव्हाच सुटली होती. चुकलं, हे तेव्हाच कळलं होतं. किती चुकलं ते कळलं नव्हतं. "पुन्हा पळवा" म्हणायला तोंड उघडणार तोच बापू मागून ओरडले, "किती?" आणि सभोवती ती नाकं मुरडणारी माणसं उभी होती. तोंडातून निघालं ते घड्याळात होतं ते.

उद्या सांगू, असं ते मनाशी म्हणाले. उद्या काटा मिळाला.

पुढे माया आठवीत असताना एका संध्याकाळी मोठ्याने विज्ञानाचा धडा वाचत होती. वीज आधी दिसते, गडगडाट मागून येतो. आवाज सेकंदाला सुमारे तीनशे तीस मीटर चालतो. शेषरावांनी पावतीच्या पाठीवर हिशेब केला. पाव मैल म्हणजे चारशे दोन मीटर. आवाजाला यायला सव्वा सेकंद लागला. दचकून बोट दाबायला पाव सेकंद. म्हणजे साडेसोळा नव्हेच, अठरा. अमरावतीच जिंकली होती. त्या रात्री ते जेवले नाहीत, आणि बायकोला पोट दुखतं म्हणून सांगितलं.

तिकडे ओढणी वर गेली. लालभडक, स्पष्ट. खाली आली आणि शेषरावांचं बोट त्याच क्षणी दाबलं गेलं. आवाज मागून आला.

ट्रायम्फ आली. काय आली! नाक किंचित उचललेलं, बद्रुद्दीनची पांढरी दाढी वाऱ्याने दुभंगलेली, इंजिनाचा तो घोगरा सूर पोटात घुमत होता. शेषरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. क्षणभर त्यांना रस्त्याच्या कडेला बैलगाड्या दिसल्या. पण दगड ओलांडला तेव्हा बोट चुकलं नाही. वीस सेकंद, दोन दशांश.

मग पुन्हा ओढणी हलली आणि मायाची गाडी आली. तिच्या येण्याला आवाजच नव्हता. टायर सळसळले आणि शिलाई मशीनसारखी गुणगुणत ती निघून गेली. एकोणीस.

बद्रुद्दीन गाडीतून उतरून गुडघे चोळत उभा होता. सरफराजही फाटकाकडून चालत येऊन पोचला होता. "बोल शेषराव."

शेषरावांनी दोन्ही आकडे सांगितले. बद्रुद्दीन स्विफ्टपाशी गेला. मग वाकून त्याने मायाला विचारलं, "एसी बंद केल्ता का, बेटा?"

"नाही चाचा. चालूच राहिला."

"अन् मांगं हे काय हाय?"

"डबा. पेपर."

"घ्या!" बद्रुद्दीन म्हणाला. "जिच्यासाठी अख्खं अकोला धुऱ्यावर चढलं, तिच्या मोरं बाजारातून भाजी आनायची गाडी निंगून गेली. अन् वरून एमएच सत्तावीस! अमरावतीचीच निंघाली शेवटी."

सगळे हसले. माया म्हणाली, "चाचा, तुमची पन्नास वर्षांची आहे. माझी दीड वर्षाची."

"म्हातारी झाली, खरं हाय. पन जवानीत साडेसोळा होती. आजकालची असून तुयी एकोणीसच हाय." बद्रुद्दीनने ट्रायम्फच्या बॉनेटवर हात ठेवला. "थे कोनी घेऊ शकत नाही तिच्यापासून."

शेषरावांनी मान खाली घातली.

पुण्याचा माणूस ट्रक फाटकाशी उभा करून आपल्या गाडीने इकडे आला. सभ्य, पन्नाशीचा, हातात फाइल. गाडीभोवती तो पाय न वाजवता फिरला. मग म्हणाला, "शेषराव तायडे आपणच ना? मी या गाडीची सगळी माहिती जमवतोय. ते साडेसोळा सेकंदांचं फार ऐकलंय. तुम्ही स्वतः मोजलं होतं. एवढं लिहून सही कराल? गाडीसोबत कायमचं राहील."

त्याने कोरा कागद आणि पेन पुढे केलं. कागद बॉनेटवर ठेवून शेषरावांनी चष्मा पुसला. पस्तीस वर्षांत त्यांनी किती पावत्यांवर सह्या केल्या असतील, पण पेन असं जड कधी झालं नव्हतं. सही केली तर खोटं माप कायमचं पक्कं होतं. नाही केली तर शेजारी उभा असलेला हा माणूस, त्याची पाटी, त्याची उभी हयात...

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"बद्रुभाई, थे साडेसोळा खोटं होतं."

शेषरावांनी सगळं सांगितलं. रुई, रुमाल, आवाज, मायाचा धडा, पावतीवरचा हिशेब. "अठरा होते. एकोनचाळीस वर्षं झाली, मी तुह्या तोंडाकडं पाहून बोललो नाही. माह्या तोंडाकडं पाहूनबी बोललो नाही. काटा जाईन म्हनून भेलो."

सरफराजचा चेहरा उतरला. पण बद्रुद्दीन शांतपणे बॉनेटवरची एक काडी उचलून फेकत म्हणाला, "अठराच होते. मले मालूम हाय."

"काय?"

"अरे, भावाचं घड्याळ स्टिअरिंगले बांधून त्याच्या आधी तीन दिवस रोज पहाटे पळवत होतो मी. अठराच्या खाली कधी आलीच नाही थे. तू साडेसोळा म्हनला तवा मलेच झटका बसला."

"मंग बोलला कावून नाहीस?"

"तोंड उघडलंच होतं. मंग तुह्या मांगं उभे होते थे पाह्यले. वाटच पाहून राह्यले होते तू कवा चुकते म्हनून. म्हनलं, सांगू उद्या." बद्रुद्दीनने दाढीवरून हात फिरवला. "उद्या तुले काटा भेटला. तुह्या आधीचा काटेवाला दर गाडीमागं माप मारत होता. माह्या बापाचा कापूस बी याच काट्यावर येत होता, शेषराव. त्या हंगामात माह्या बापानं पयल्यांदा पावती मले वाचाले देली नाही. म्हने, तायडेचं माप हाय, वाचाचं काय काम. मंग मी म्हनलं, दीड सेकंद खोटा राहू दे."

मायाने बापाच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"तुही पाटी?" शेषरावांनी शेवटी विचारलं.

"पाटी राहू दे. आता थे नाव हाय, टाइम नाही. माह्या नातवाच्या नावामांगं बी लोक तेच लावतात." बद्रुद्दीनने कागद त्यांच्यापुढे सरकवला. "लिही. जे मोजलं थेच लिही."

शेषरावांनी लिहिलं, जसं पावतीवर लिहायचे तसं, आकडा आणि अक्षर दोन्ही. पाव मैल, २०.२, वीस पूर्णांक दोन दशांश सेकंद. गाडीचं वय सुमारे पन्नास. चालवणाऱ्याचं पासष्ट. मोजणार, शेषराव तायडे. खाली बद्रुद्दीनने उर्दूत सही केली. पुण्याच्या माणसाने कागद वाचला. घडी न घालता फाइलमध्ये ठेवला.

गाडी ट्रकवर चढवायला सरफराज घेऊन गेला. माया आणि पुण्याचा माणूस मागोमाग गेले. बद्रुद्दीन म्हणाला, "मी नाही येत. मले पाहवनार नाही." मग दोघे म्हातारे कडुनिंबाखाली दगडावर टेकले. दगड एकाच माणसापुरता होता, पण दोघेही आता वाळले होते, मावले. धुऱ्यापलीकडे वेचणी झालेली कापसाची पऱ्हाटी उभी होती. बोंडांत राहिलेली थोडी रुई वाऱ्याने हलत होती.

"बापू असते तं?" शेषराव म्हणाले.

"तं तुले बदडलं असतं. मंग मले. मंग अमरावतीले जाऊन अजून एक गाडी पळवली असती."

शेषराव हसले. घड्याळ त्यांच्या हातातच होतं.

दूर फाटकाशी ट्रकवर हिरवा ठिपका चढला, ताडपत्रीखाली गेला. थोड्या वेळाने ट्रकच्या नळीतून काळा धूर निघाला. शेषरावांचं बोट आपोआप दाबलं गेलं. मग घरघर कानावर आली, तसं त्यांनी पुन्हा दाबलं.

"किती?" बद्रुद्दीनने विचारलं.

शेषरावांनी घड्याळ त्याच्यापुढे धरलं.

"मले कुठं दिसते? तू सांग."

"सव्वा."

बद्रुद्दीनने मान हलवली. ट्रक वळणावर दिसेनासा झाला. त्याचा आवाज अजून थोडा वेळ येत होता, आणि दोघे तो संपेपर्यंत बसून राहिले.