निरोगी माणसाचे कान

तीन वर्षं माझ्या चकरांवर श्यामकांत एकच औषध सांगत होता, "दुर्लक्ष कर." भाजी चिरताना घर फिरायला लागायचं, डाव्या कानात मिक्सर लावल्यासारखी घरघर सुरू व्हायची, मी तशीच जमिनीवर बसायचे, आणि हा नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचा, "विनीता, किती बाऊ करशील? होतंच असं." अस्सा संताप यायचा!

बँकेने त्याची कोलकात्याला बदली केली, आम्ही बालीगंजला राहायला आलो आणि मला कानाच्या डॉक्टर सेन भेटल्या. त्या अशाच चकरांचा अभ्यास करत होत्या. आतल्या कानात पाणी असतं, ते वाढलं की अशी चक्कर येते आणि एमआरआयवर ते मोजता येतं, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या अभ्यासाला तुलनेसाठी साधारण माझ्याच वयाचा एक निरोगी माणूसही हवा होता. श्यामकांत छाती पुढे काढून तयार! मला तेच हवं होतं. त्याच्या कानाशेजारी माझा कान ठेवून एकदाचं दाखवायचं होतं, की मी नाटक करत नाही.

दोघांना इंजेक्शन दिलं. औषध कानात उतरेपर्यंत चार तास थांबायचं होतं. बाहेर मातीच्या भांड्यातला चहा पीत तो म्हणाला, "बघ, काही निघणार नाही."

निघालं. पडद्यावर माझ्या डाव्या कानात पाणी वाढलेलं स्पष्ट दिसत होतं. "पाहिलंस?" मी ओरडलेच. मला रडू फुटलं.

मग डॉक्टरांनी त्याचं चित्र लावलं. दोन्ही कानांत माझ्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी होतं. नावांची अदलाबदल झाली नाही ना, हे त्यांनी पुन्हा तपासलं. मग त्याला विचारलं, "आपके कान में आवाज़ आती है?"

"हाँ," तो सहज म्हणाला. "वो तो सबको आती है ना?"

"और चक्कर?"

"वो भी. स्कूल से. दीवार पकड़ लेता हूँ."

मला एकेक आठवत गेलं. जिन्यात भिंतीला हात, बसमध्ये कधी उभं राहणं नाही. रोज पाहत होते, त्याचा स्वभावच तसा, असं समजत होते. 'दुर्लक्ष कर' हे त्याचं स्वतःचं औषध होतं.

टॅक्सीत त्याने खिडकीची काच वर केली. मग म्हणाला, "तुझं हे सुरू व्हायच्या आधी कानात काय ऐकू यायचं गं?"

"काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे कसं?"

तो खरंच विचारत होता.