पहिल्या मजल्यावरचे नातेवाईक

रिकामं ऑफिस कुणी घेत नाही, असं दादाचं म्हणणं. गर्दीच्या हॉटेलात माणूस आपण होऊन शिरतो, तसंच हे. म्हणून त्या सकाळी त्याने आमच्या इमारतीचा पहिला मजला नातेवाइकांनी भरला.

इमारत बाबांनी बांधलेली. तळाला दवाखाना, वर दोन मजले ऑफिसांचे. दोन्ही कंपन्यांनी आपली माणसं घरून कामाला लावली, खुर्च्या-टेबलं होती तिथेच टाकली आणि किल्ल्या आणून दिल्या. त्यांचं काम थांबलं नाही. थांबलं ते आमचं भाडं. दादा रोज म्हणायचा, "येतील गं परत. घरी बसून कुणी काम करतं का?" ज्याचं पोट भाड्यावर, त्याला घरचं काम कामच वाटत नाही. शहरातले सगळे इमारतवाले हीच जपमाळ ओढत बसलेत. ओढा म्हणावं. माणसं तुमच्या जपाने लिफ्टमध्ये चढत नाहीत.

शेवटी दादानेही हाय खाल्ली. एक गोदामवाला मागे लागला होता. लोक घरबसल्या मागवतात ती पार्सलं ठेवायला त्याला जागा हवी होती. खिडक्या बुजवणार, दोन मजल्यांमधली जमीन फोडणार, दवाखाना उठवणार. "आज जागा बघायला येणाऱ्या मॅडम नाही म्हणाल्या, की उद्या त्याला होकार," दादाने मला बजावलं. बाबांनी इमारत त्याच्या नावावर केली आणि राबणं माझ्या. पंप बिघडला की मी, लिफ्ट अडकली की मी. बोलणी मात्र दादा करणार.

तर पहिल्या मजल्यावर मावशी बंद संगणकासमोर बसली होती. आत्येभाऊ पांढऱ्या फळ्यावर बाण काढत होता, कुठून कुठे ते त्यालाच ठाऊक. आणि काका फोनवर ओरडत होते. पलीकडे कुणीच नव्हतं.

"काका, जरा हळू," मी म्हटलं. "खाली दवाखाना आहे."

"साहेब आहे मी आज. जन्मभर साहेबाचं ऐकून घेतलं, आता जरा ओरडू दे!"

"साहेबाचा पगार कापा," मावशी म्हणाली. "आल्यापासून नुसता चहा ढोसतोय."

तेवढ्यात मॅडम आल्या. पन्नाशीच्या, पायात सपाट बूट, कामापुरतं बोलणाऱ्या. जिना चढता चढताच त्यांनी दादाला सांगून टाकलं, "माझी माणसं घरून काम करतात आणि घरूनच करणार. पण एकीचं बाळ तान्हं आहे. एक जण न्हाणीघराच्या दारात बसून मीटिंग करतो. त्यांना घराजवळ बसायला जागा हवी. ज्याला वाटेल तो येईल, वाटेल तेव्हा जाईल. वर काम, खाली पाळणाघर. दोन्ही मजले लागतील."

दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला. आणि दार तर उघडलेलं.

"माल उद्या पोचलाच पाहिजे!" काका गरजले. मावशी कळफलक बडवायला लागली.

"कुणाचं ऑफिस?" मॅडमनी विचारलं.

"निर्यातवाले आहेत," दादा म्हणाला. "जुने भाडेकरू."

"मग राहू द्या. एका मजल्यात माझं भागणार नाही."

"अहो, जातील ते! आजच जातील!"

"माझ्यासाठी चालतं ऑफिस उठवणार? उद्या दुसऱ्यासाठी मलाही उठवाल." त्या वळल्या.

स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून दादा माझ्याकडे डोळे वटारून बघत होता. लहानपणापासून त्या डोळ्यांपुढे मी गप्प बसत आलेय. या वेळी नाही बसले.

"मॅडम, थांबा. इथे कसलंही ऑफिस नाही. हे साहेब आमचे काका. ही मावशी. फळ्यावर आहे तो आत्येभाऊ. दोन्ही मजले रिकामे आहेत. तुम्हाला फसवायला माणसं बसवलीत."

काकांनी फोन हळूच खिशात घातला.

"मी म्हटलंच होतं," मावशी म्हणाली, "निदान संगणक तरी चालू करून द्या."

मॅडम हसल्या नाहीत. "आणखी काय खोटं आहे?"

मीच बोलले. "वरच्या मजल्यावर मागची भिंत गळते. मधल्या केबिनींमुळे उजेड आत येत नाही, त्या पाडाव्या लागतील. लिफ्ट जुनी आहे, पण विश्वासाची. दवाखाना मात्र हलणार नाही."

"दवाखाना मला हवाच आहे. पोरं असणार." मग दादाकडे वळून, "जागा घेते. पण करार, दुरुस्ती, सगळं यांच्याशी. तुमच्याशी नाही."

"अहो, ती धाकटी आहे!"

"मग?"

"मग काय मग!" काका मध्येच म्हणाले. "थोरल्याने काय दिवे लावले ते बघतोयच की आम्ही."

मी म्हटलं, "दादा, कारभार माझ्या हाती लिहून देणार असशील तर मॅडमना वर नेते. नाहीतर गोदामवाल्याला फोन कर. पण मग पंप, लिफ्ट आणि त्याची पार्सलं तुझी तू बघ. मी पायरी चढणार नाही."

तो खिडकीशी गेला. पाठ करून उभा राहिला. परत आला तेव्हा त्याने खिशातून वरच्या मजल्याची किल्ली काढली आणि माझ्यापुढे धरली. "वकिलाला बोलावतो," म्हणाला.

"बोलाव."

मॅडम जिन्यापर्यंत पोचल्या होत्या. "आधी कुठली केबिन पाडायची?"

"थोरल्या साहेबांची," मी म्हटलं. "सगळ्यात मोठी खिडकी तिनेच अडवलीय."