जगनने गाडी हलवली

जासईच्या जगनने तीस वर्षं कंटेनर यार्डांत ट्रेलर चालवला. त्यात एक गोष्ट त्याच्या हाडांत मुरली होती: समोरच्याने शिटी मारून हात हलवला, की आधी गाडी हलवायची आणि मग काय भांडायचं ते भांडायचं. यार्डात हे शहाणपणच होतं. त्या दिवशी डोंगराखाली त्याने नेमकं तेच केलं आणि पोटच्या पोरीच्या जिवाशी खेळ झाला.

दिपिका, त्याची सव्वीस वर्षांची थोरली, नाशिककडून निघून सह्याद्रीच्या माथ्यावरून एकटी पायी चालली होती. थेट गोव्याच्या हद्दीपर्यंत जायचं म्हणे. भावकीतल्या निम्म्यांनी कौतुक केलं, निम्म्यांनी कपाळाला हात लावला. जगनने मात्र दारात उभ्या असलेल्या ट्रेलरवरच्या कंटेनरला खिडकी पाडली, आत गॅस, पाण्याची टाकी नि दोन बाकडी बसवली, बायकोला, भामाला, शेजारच्या सीटवर घेतलं आणि पोरीच्या मागे निघाला. दिपिका जिथे डोंगर उतरेल तिथे खाली हे दोघं हजर. गरम भाकरी, सुकटीची चटणी, कोरडे मोजे. सदतीस दिवस हा चाकांवरचा संसार बिनघोर चालला होता.

डोंगरात फोन लागत नसे. त्यावर बापलेकींनी तोड काढली होती. ढग उतरले की जगनने दर अर्ध्या तासाला प्रेशर हॉर्न द्यायचा, दोन लांब आणि एक आखूड, आणि दिपिकाने त्या आवाजाच्या रोखाने खाली यायचं.

सप्टेंबरअखेरचे दिवस होते. त्या दिवशी ती पनवेलच्या वरच्या डोंगरातून उतरणार होती. दुपारी दोनलाच ढगांनी डोंगराची सगळी धार गिळली. ट्रेलर उताराच्या पायथ्याला, एका फार्महाऊसच्या फाटकासमोर उभा होता. अडीचला तिथला वॉचमन शिटी फुंकत आला. मालकाची गाडी येतेय, फाटक मोकळं करा. त्याने हात हलवला आणि जगनने इंजिन सुरू केलं. डोंगराच्या सोंडेला वळसा घालून तो पलीकडे गेला. तिथे बंद पडलेल्या दगडखाणीचं ऐसपैस सपाट आवार होतं; वरचं सगळं ढगात होतं. "कशी जागा काढली!" असं भामाला वर ऐकवूनही झालं. मग तीनला हॉर्न दिला, साडेतीनला दिला, चारला दिला.

चारचा हॉर्न झाला आणि भामा चहा घेऊन बाहेर आली. तेवढ्यात पातेल्यावरचं झाकण कुणी उचलावं तसा ढग जरासा वर सरकला. ट्रेलरच्या डोक्यावरच सात-आठ माळे उंच कापलेला डोंगर उभा होता. वर हिरवंगार गवत, अगदी काठापर्यंत.

"अवो," भामा म्हणाली, "सकाली आपली गाडी त्या अंगाला व्हती, उताराच्या पायथ्याला. आता पोरगी हॉर्नवर कुटनं येल? हितनं, वरनं!"

तीन वेळा जगनने पोरीला या कड्याकडे बोलावलं होतं. ढग परत खाली बसला. भामाने हाक मारायला तोंड उघडलं, तसा त्याने तिच्या तोंडावर हात ठेवला.

"हाक नको मारू. आवाजावर येल ती."

"मंग काय मुकं बसायचं?"

एवढं धूड वळवून जुन्या जागी न्यायला अर्धा तास तरी हवा होता आणि तेवढा वेळ दिपिकाकडे होता की नाही, देव जाणे. "हॉर्नला हात लावू नको, काय बी झालं तरी," एवढं बोलून तो खाणीच्या कडेने वर निघाला.

छपन्न वर्षांचा माणूस, एक गुडघा कामातून गेलेला. झुडपं धरत, घसरत, पुन्हा चढत तो वर जात होता आणि कान मात्र मागे लागले होते. आत्ता धप्प आवाज येईल, आत्ता येईल. इतकी भीती त्याला उभ्या आयुष्यात कधी वाटली नव्हती. साडेचार वाजून गेले. हॉर्न झाला नाही.

तो माथ्यावर पोचला तेव्हा हातभरापलीकडचं दिसत नव्हतं. आणि उजवीकडून, अगदी जवळून, आवाज आला.

"बाबा! हॉर्न का बंद केलात? वाजवा ना!"

जगनने ओ गिळली. ओ दिली तर ती चालू लागणार. दोघांच्या मधे गवत आहे की पोकळी, हे त्यालाही कुठे माहीत होतं?

"दिपे, खाली बस!" तो ओरडला. "हाय तितंच बस!"

"काय झालं?"

"ईचारू नको! बस!"

तो गुडघ्यांवर, तळहाताने पुढचं गवत दाबून बघत, आवाजाकडे सरकत गेला. ती सॅकसकट पाय पसरून बसली होती. त्याने सॅकचा पट्टा पकडला आणि तिला सगळ्या ताकदीनिशी मागे ओढलं. दोघंही चिखलात आडवे झाले.

"अवो बाबा, गुडघा दुखतो ना तुमचा? वर कशाला आलात? मी आलेच व्हते की."

जगनने तिची काठी घेतली आणि तिचे पाय होते तिथून वीतभर पुढे गवतात खुपसली. काठी मुठीपर्यंत आत गेली आणि कशालाही टेकली नाही. एक दगड मात्र सुटला. बऱ्याच वेळाने तो खाली कंटेनरच्या पत्र्यावर आदळला आणि पाठोपाठ भामाची किंकाळी वर आली.

"हाय गं, हाय! दोगं बी हाव!" जगन रडत ओरडला. मग पोरीकडे न बघता म्हणाला, "गाडी मी हलवली, दिपे. एकानं शिटी मारली नि मी हलवली."

दिपिकाचा हात बापाच्या सदऱ्यात घट्ट रुतला होता.

"मी पायाखाली बघतच नवते, बाबा," ती म्हणाली. "हॉर्न तुमचा व्हता ना."