हेराल्डचा सांगाडा

हिरवा झेंडा खाली आला, हर्षानं क्लच सोडला आणि हेराल्डचं डावीकडचं दार आपोआप सताड उघडलं. बघ्यांमध्ये असा हशा पिकला, की इंजिनाचा आवाजही त्यात बुडाला. गाडीनं डावीकडे ओढ घेतली, हर्षाला ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलावा लागला आणि शेजारच्या पट्ट्यातून प्रतिस्पर्धी चंदनची फियाट आरामात निघून गेली.

कन्हान नदीच्या पलीकडे एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात लांबलचक सरळ रस्ता होता. जुन्या गाड्यांच्या शौकिनांनी रीतसर परवानगी काढून तिथं हिवाळ्यात शर्यती भरवायला सुरुवात केली होती. एका वेळी दोन गाड्या, पाव मैलाची सरळ धाव, आधी पोचेल तो जिंकला. इंजिनाच्या आकाराप्रमाणे वर्ग पाडलेले. हर्षाची हेराल्ड सगळ्यात लहान इंजिनांच्या वर्गात, आणि तिथंही पहिल्याच फेरीत बाहेर.

घरी आल्यावर नवऱ्यानं, दुर्गेशनं, लगेच उपाय सांगितला. लकडगंजात त्याचा मिरचीचा ठोक धंदा. गाड्यांचं त्याला फारसं कळत नसे, पण बोलायची हौस दांडगी.

"इंजिन कमी पडते. मोठा कार्बोरेटर बसवून टाकू."

"इंजिनाले काही झालं नाही गा," हर्षा म्हणाली. "गाडी पिळून राहिली. इकडं ये, दाखवतो तुले."

तिनं पुढच्या उजव्या चाकापाशी जॅक लावला आणि गाडीचा तो एकच कोपरा वर उचलला. मग दुर्गेशला डावीकडचं दार उघडायला सांगितलं. दार उघडलं, पण बंद काही होईना. कुलूप चौकटीच्या वर आदळायचं. जॅक खाली केला, की दार पुन्हा नीट लागायचं.

"एका चाकाले उचललं तर एवढं," हर्षा म्हणाली. "झेंडा पडल्यावर इंजिन केवढ्यानं पिळत असेल, विचार कर. जोर चाकापर्यंत जातच नाही, वाटेतच मुरते."

हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. तिचे वडील उमरेडचे. घरचा हातमाग बंद पडला तेव्हा ते वेल्डिंगकडे वळले आणि लेकीनं त्यांच्याच हाताखाली होल्डर धरला. आता ट्रकच्या बॉडी बांधायचा तिचा स्वतःचा कारखाना होता. दहा टन लोखंड भरून घाट उतरणाऱ्या गाड्या तिच्या हातून जात. ही तर केवढीशी हेराल्ड.

अडचण एकच होती. हेराल्ड तिची नव्हती. सासऱ्यांची, मनोहररावांची होती. साठ वर्षांपूर्वीची गाडी, त्यांनी तरुणपणी जुनीच विकत घेतलेली, पण गल्लीतली पहिली. पंचाहत्तरी ओलांडली तरी दर रविवारी ते तिला स्वतःच्या हातानं पुसत. शर्यतीला त्यांनी होकार दिला होता, कारण चारचौघांत गाडी दिसेल. कापाकापीचं मात्र कुणी बोललं नव्हतं.

या गाडीची बॉडी आणि सांगाडा वेगवेगळे. नट काढले, की बॉडी उचलून बाजूला ठेवता येते. मनोहरराव कारखान्यात आले तेव्हा बॉडी लाकडी ठोकळ्यांवर होती आणि जमिनीवर नुसता सांगाडा पडला होता. ठिकठिकाणी गंज, आणि कडेच्या पट्ट्या एका बाजूनं उघड्या, पन्हाळीसारख्या.

"पोस्टमॉर्टम करून राहिली काय वं?" ते दारातूनच म्हणाले.

"ऑपरेशन म्हणा, मामाजी." हर्षानं त्यांना स्टूल दिलं. "सांगाडा तोच ठेवायचा असा नियम आहे. बदलला तर वर्गातून बाद. पण त्याले मजबूत करता येते. ह्या उघड्या पट्ट्यांले पत्रा लावून पेटी करतो. मधात फुलीसारखे आडवे पाइप. जोडावर तिकोनी तुकडे."

"म्हणजे गाडी दगड होऊन जाईल. लोखंडाले थोडं लवू द्यावं लागते. नाहीतर मोडते."

"लवायले स्प्रिंग आहे ना. ते तिचं काम. सांगाड्यानं ताठ राहावं."

मनोहररावांना पटलं नाही. त्यांनी गंजलेल्या पट्टीवरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि रिक्षा करून घरी गेले.

हर्षाचा हात जोरात चालला. गंज कापून काढला, नवा पत्रा बेतला, आणि उजवीकडची पट्टी एका बैठकीत पुढून मागपर्यंत वेल्ड करून टाकली. काम असं देखणं झालं, की कारागीर पाहायला जमले. सकाळी थंड झालेल्या सांगाड्यावर तिनं सूत ताणलं, एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत. मग दुसरी तिरपी. दोन्ही सारख्या भरायला हव्या होत्या. एक चांगली बोटभर जास्त भरली. तिनं पुन्हा मोजलं. बोटभरच.

एवढी लांब वेल्ड एका दमात मारली, की तापलेलं लोखंड निवताना ओढ घेतं. नव्या पोराला ती हेच सांगायची. ट्रकच्या जाड लोखंडाला चालून जातं. हा पातळ पत्रा होता, आणि तिनं त्याला ट्रकच समजलं होतं.

नेमके तेव्हाच मनोहरराव आले.

"काय झालं? मोडली?"

"मोडली नाही. वाकली. मीच वाकवली, मामाजी."

ते वाकून त्या पट्टीकडे बघत राहिले, आणि तेच हर्षाला जास्त लागलं. रागावले असते तर तिनं उत्तर दिलं असतं. तिनं ग्राइंडर उचलला.

"कापून काढतो अन् पुन्हा लावतो. अन् या खेपेला सरळ करूनच सोडीन."

"होते काय सरळ?"

"होते. तुम्ही सुताचं ते टोक धरा."

त्यांनी धरलं. आधी उभ्यानं, मग स्टुलावर बसून. तिनं सांगाडा जाड गर्डरांना आवळून बांधला. बोटभर टाका उजवीकडे, मग डावीकडे, मग पुढे, मग मागे. प्रत्येक फेरीनंतर लोखंड निवू द्यायचं आणि सूत ताणायचं. पुढचे काही दिवस मनोहरराव सकाळचा चहा पिऊन थेट कारखान्यात येत. एकदा हर्षा घाईनं पुढचा टाका मारायला वाकली, तर ते ओरडले, "थांब वं! गरम आहे अजून. बाईले दम म्हणून नाही." कारागीर हसले, हर्षाही हसली, आणि थांबली.

शेवटी दोन्ही तिरप्या सारख्या भरल्या. बॉडी वर चढली, नट आवळले. हर्षानं पुन्हा एकच कोपरा जॅकवर घेतला आणि मनोहररावांना दार लावायला सांगितलं. दार लागलं. त्यांनी ते पाच-सहा वेळा उघडून लावलं, आणि पुढे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकालाही लावायला लावलं.

दुर्गेशला वजनाची काळजी. "लोखंड किती वाढवलं?"

"मागची सीट अन् स्टेपनी उतरवली, नियमात बसते. राहिलेलं मी चालवून भरून काढीन."

पुढच्या शर्यतीच्या दिवशी तपासनिसानं गाडीखाली वाकून टॉर्च फिरवला, मूळ सांगाड्यावरचा नंबर पाहिला, जोडांवर हातोडीनं ठोकलं आणि मान डोलावली. चंदन फियाटला टेकून उभा होता.

"वहिनी, दार दोरीनं बांधून आणलं काय?"

"तू पुढं पाहून चालव," हर्षा म्हणाली. "दाराकडं मी पाहतो."

पहिल्या दोन फेऱ्या तिनं सहज काढल्या. शेवटच्या फेरीत समोर चंदनच आला. झेंडा पडला. गाडी मागच्या चाकांवर जरा बसली आणि सुटली, थेट नाकासमोर. स्टिअरिंग सावरावं लागलंच नाही. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. अर्ध्या वाटेत ती पूर्ण एक गाडी पुढे होती. मग फियाटचा आवाज जवळ येऊ लागला; चंदनचं इंजिन जास्त दमाचं, हे तिला ठाऊक होतं. उजव्या आरशात त्याचं बोनेट दिसलं, ते सरकत तिच्या दारापर्यंत आलं. तिनं ना तिकडे पाहिलं, ना पाय हलवला. रेघ ओलांडली तेव्हा हेराल्ड अर्ध्या बोनेटनं पुढे होती.

ती वळून परत आली, तेव्हा दुर्गेश लोकांना मिठ्या मारत होता. चंदननं हात पुढे केला, मग गाडीखाली डोकावला. "माझी पण अशीच करून देशील काय, वहिनी?"

"घेऊन ये. आधी मोजून पाहू."

मनोहरराव मात्र कुठंच दिसेनात. ते तपासनिसाच्या मंडपात सापडले, खुर्ची ओढून बसलेले. दोन कॉलेजकुमारांना ते वेल्ड टाक्याटाक्यानं का मारायची ते समजावत होते, आणि त्यात "आम्ही" हा शब्द पुनःपुन्हा येत होता. हर्षानं त्यांना बोलू दिलं.

परत जाताना ते तिच्या शेजारी बसले. कामठी रोडला ट्रक हॉर्न देत ओव्हरटेक करत होते आणि हर्षा चाळिसाच्या वर जात नव्हती.

"हर्षा, सत्तरीच्या वरच्यांसाठी वेगळा वर्ग असते काय वं तिथं?"

"आता तरी नाही," हर्षा म्हणाली. "पण काढायले लावू की."