मूळ मजकूर कायम

"समुद्र सांभाळायचा म्हणजे नजर लागते, शिस्त लागते आणि पाण्याशी जन्माची ओळख लागते," असं विश्राम टिपणीसांनी जाहीर केलं, अभिमानाने एक पाऊल मागे घेतलं, आणि ते पाऊल नेमकं बादलीत पडलं.

बादलीत सकाळी ढवळून ठेवलेलं मिठाचं पाणी होतं. लेंगा पोटरीपर्यंत भिजला. समोर मंदाकिनीबाई कोथिंबीर निवडत होत्या. घोषणा ऐकायला घरात तेवढाच श्रोतृवृंद हजर होता. त्यांनी बादलीकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं, आणि पुन्हा कोथिंबिरीत लक्ष घातलं.

"झाली का ओळख?"

पाय धुतलेलं पाणी समुद्राला चालणार नव्हतं, म्हणून विश्रामरावांनी बादली मोरीत ओतली आणि नव्याने मीठ मोजायला घेतलं.

समुद्र अडीच फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच होता. टेंभी नाक्यामागच्या त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात तो काचेच्या टाकीत भरून टीव्हीच्या जागेवर बसवला होता. टीव्ही आतल्या खोलीत कपाटावर गेला होता, आणि बातम्या आता मान वर करून ऐकाव्या लागत. समुद्रात सात-आठ प्रवाळं होती. मंदाकिनीबाईंनी आजवर पोवळं पाहिलं होतं ते अंगठीतलं. ते असं पाण्यात उघडतं, मिटतं, अंगाला हात लागल्यासारखं दचकतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. एक केशरी मासा होता, अंगावर पांढरे पट्टे असलेला. आणि मधोमध दगडाला धरून बसलेला ॲनिमोन. दिसायला फूल, पण प्राणी. टोकाशी फुगलेली शंभरेक गुलाबी बोटं पाण्यात हलवत बसायचा, आणि मासा त्या बोटांत शिरून झोपायचा.

हे सगळं मुळात नीरजाचं. टिपणीसांची एकुलती मुलगी माजिवड्याला सव्विसाव्या मजल्यावर राहायची आणि तिथे तिने हा समुद्र दोन वर्षं वाढवला होता. कंपनीने तिला दोन महिन्यांसाठी कोचीला पाठवलं, तेव्हा समुद्र टेंपोत घालून आईबापांकडे आला. विश्रामराव पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते आणि त्यांच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत ॲनिमोन होता. माजिवडा ते टेंभी नाका एवढ्या अंतरात त्यांनी ड्रायव्हरला अकरा वेळा सावकाश घे म्हणून सांगितलं. नीरजा जन्मली आणि तिला हॉस्पिटलमधून घरी आणलं, त्या दिवशीही ते असेच बसले होते, हे मंदाकिनीबाईंना आठवलं.

त्या समुद्राने घरात एक अजब गोष्ट केली. त्याआधी वीसेक वर्षं बापलेकीचं फोनवरचं बोलणं असं चाले: कशी आहेस, बरी, तू कसा, बरा, आईला देतो. आता रोज रात्री आठला फोन वाजे आणि तो विश्रामरावांसाठी असे. ॲनिमोन किती फुलला, कोलंबीचा तुकडा त्याने कुठल्या बाजूने ओढला, मासा रुसला का, हिरवं प्रवाळ कितीला उघडलं. एकदा तर सतरा मिनिटं झाली. सतरा मिनिटं विश्रामराव याआधी बोलले होते ते स्वतःच्या निरोपसमारंभात, आणि तिथे पुढून कुणी प्रश्न विचारत नव्हतं.

पण गेले चार दिवस फोन वाजला की विश्रामराव आधी टाकीकडे बघत. ॲनिमोन आकसला होता. फुगीर बोटांची सुतळी झाली होती, मधलं तोंड उघडंच पडलं होतं. कोलंबीचा तुकडा द्यावा तर सोडून देई. प्रवाळं मिटून बसली होती, आणि मासा कुलूपबंद घरासमोर उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा नुसता तरंगत होता. पहिले तीन दिवस विश्रामरावांनी "स्थिती समाधानकारक आहे" असं कळवलं. चौथ्या दिवशी मंगळवार होता. त्या दिवशी त्यांच्याने राहवलं नाही. म्हणाले, थोडा आकसलाय.

पलीकडे लॅपटॉप मिटल्याचा आवाज आला.

"बाबा, खारटपणा किती आहे पाण्याचा?"

विश्रामरावांनी कपाटावरच्या डबीकडे पाहिलं.

"आईला देतो," ते म्हणाले.

फोन मंदाकिनीबाईंच्या हातात गेला आणि ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. नीरजा यायला एकोणीस दिवस होते. समुद्र मेला तर ती काही बोलणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ती पुन्हा बरी आहे म्हणेल, एवढंच.

डबीत खारटपणा मोजायची एक छोटी नळी होती. पाण्याचा थेंब ठेवून नळीला डोळा लावला की आकडा दिसे. आकडा पस्तीसच्या आसपास हवा, असं नीरजाने लिहून दिलं होतं. नळी गेले काही दिवस चव्वेचाळीस, पंचेचाळीस दाखवत होती. विश्रामरावांनी ती पुसून डबीत ठेवून दिली. शेजारच्या एका नगरपालिकेच्या पाणीखात्यात त्यांची चौतीस वर्षं गेली होती, आणि मीटरवर विश्वास ठेवायचा नसतो हे त्यांना पहिल्याच वर्षी समजलं होतं.

त्याच खात्यात त्यांना दुसरी एक सवय लागली होती. त्यांच्या टेबलावर आलेला कोणताही मसुदा लाल शाई लागल्याशिवाय पुढे गेला नाही. चूक असो नसो. टिपणीससाहेबांच्या हातून कोरा कागद गेला तर खालचे लोक साहेबांची तब्येत विचारायला येत. ही सवय ते घरीही आणत. नीरजा आठवीत असताना तिने शाळेच्या स्पर्धेसाठी समुद्रावर निबंध लिहिला होता. विश्रामरावांनी तो रविवारभर बसून दुरुस्त केला. निबंधाला पहिलं बक्षीस मिळालं. नीरजा ते घ्यायला स्टेजवर गेलीच नाही. घरी येऊन म्हणाली, बक्षीस बाबांचं आहे, त्यांना पाठवा. सगळे हसले. विश्रामराव सगळ्यात जास्त हसले. लाल शाईच्या तावडीतून त्या घरात आजवर सुटला होता तो फक्त मंदाकिनीबाईंचा स्वयंपाक. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात विश्रामरावांनी पानात पडलेल्या कुठल्याही पदार्थावर शेरा मारला नव्हता. त्यांना कुठे थांबायचं ते कळत नव्हतं असं नाही.

बुधवारी मासेवाली शेवंती आली. चेंदणी कोळीवाड्यातून ती बुधवार, शुक्रवार, रविवार टोपली घेऊन यायची. समुद्र आल्यापासून टिपणीसांच्या मासळीवर ती एक बारीक कोलंबी वेगळी ठेवायची, "तुमच्या पावन्याला" म्हणून. पहिल्या दिवशी तिने ॲनिमोन बघून तो शिजतो का असं विचारलं होतं, आणि शिजत नाही म्हटल्यावर एवढ्या लाडाचं कारण तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

"पावना जेवत नाही," विश्रामराव म्हणाले. पाटावर बसून ते काचेत बघत होते.

शेवंती आत आली. पदराला हात पुसून वाकली. पण तिने ॲनिमोनकडे पाहिलंच नाही. टाकीच्या काचेच्या वरच्या कडेला पांढरट पापुद्रा धरला होता, तिकडे पाहिलं. नखाने तो खरवडला आणि जिभेवर ठेवला.

"ती धूळ आहे," विश्रामराव म्हणाले. "मी रोज पुसतो, रोज येते."

शेवंतीने बोट टाकीत बुडवलं आणि चाटलं. हात धुवून घे म्हणायला विश्रामरावांनी तोंड उघडलं, तोवर तिने तोंड वाकडं केलं होतं.

"दादा, तुमी मासं पालताव का मीठ पिकवताव?"

मग तिने चौकशी केली. टाकीतलं पाणी कमी होतं तेव्हा काय घालता? विश्रामरावांनी बादली दाखवली. मिठाचं पाणी, प्रमाणात, मोजून. रोज? रोज. दीड तांब्या तरी लागतंच. शेवंतीने कपाळाला हात लावला आणि उंबऱ्यावर बसकण मारली. तिचं माहेर भाईंदरच्या मिठागरांपाशी होतं. बाप जन्मभर मिठागरात राबला.

"उनानं पानी जातं वर," ती म्हणाली. "मीठ कुठं जाईल? त्याला काय पंख हायेत? तुमी परत त्याच्यावर खारं घालताव. आमच्या बाबानं ह्याच धंद्यावर चौघी पोरींची लग्नं केली."

स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज थांबला. विश्रामराव बादलीकडे बघत राहिले. या माणसाने चौतीस वर्षं दोन लाख लोकांना पाणी पाजलं होतं. त्या पाण्यात कधी मीठ घालायची वेळ आली नाही, एवढाच काय तो त्यांच्या बाजूने मुद्दा होता.

"मग आता भरपूर साधं पाणी घालतो," ते उठत म्हणाले.

"बसा," शेवंती म्हणाली. "एकदम गोडं नका वतू. पावसाचं लोंढं आलं का खाडीतलं पन मरतंय. हलू हलू. रोज दोन तांबे खारं काढा, दोन तांबे गोडं घाला. आन् त्याला चव घेऊन बघा, नलीत काय बघताव."

ती गेल्यावर विश्रामरावांनी डबी उघडली आणि नळीला डोळा लावला. शेहेचाळीस. मीटर बरोबर होतं. नोकरीत एकदा तरी असं झालं असेल का, याचा विचार त्यांनी पुढे ढकलला.

मग ते टाकीच्या स्टँडशी वाकले. तिथे आतल्या बाजूला नीरजाने दिलेल्या सूचनांचा कागद चिकटवलेला होता. एकूण अकरा कलमं. चौथं कलम: पाणी उडून कमी झालं की फिल्टरचं साधं पाणी घालणे, मीठ घालू नये. नीरजा कोचीला गेली त्याच संध्याकाळी विश्रामरावांनी ते वाचलं होतं आणि पोरीच्या घाईचं त्यांना कौतुकमिश्रित हसू आलं होतं. समुद्रात साधं पाणी! त्यांनी "साधं" खोडून वर "खारं" लिहिलं होतं, "घालू नये" खोडून "प्रमाणात घालावे" केलं होतं आणि समासात बारीक सही ठोकली होती. तारखेसकट.

मंदाकिनीबाई हात पुसत येऊन मागे उभ्या राहिल्या. त्यांनी तो कागद आधी कधी पाहिला नव्हता. आता पूर्ण वाचला.

"फाडून टाका," त्या हळूच म्हणाल्या. "मी तिच्या अक्षरात दुसरा लिहून देते. तिला काय कळतंय."

हा प्रस्ताव मंदाकिनीबाईंच्या एकूण कारकिर्दीत असाधारण होता, आणि तो केवळ मायेने आलेला होता. विश्रामराव कागदाकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी लाल पेन शोधलं, चष्मा पुसला आणि कागद घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले. दोन ओळी लिहायला त्यांना पाऊण तास लागला. मंदाकिनीबाईंना वाटलं, निबंध चाललाय.

त्यानंतर रोज सकाळी दोन तांबे निघत आणि दोन तांबे पडत. रात्री फोनवर विश्रामराव आकडा सांगत: त्रेचाळीस, एक्केचाळीस, चाळीस. आकडा इतका कसा चढला, हे नीरजाने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आकडा सांगून झाला की "आईला देतो." दुसऱ्या रविवारी ॲनिमोनची दोन बोटं टोकाशी किंचित फुगली. विश्रामरावांनी मंदाकिनीबाईंना आंघोळ अर्धी सोडून बाहेर बोलावलं. शेवंतीने त्या दिवशी दोन कोलंब्या आणल्या. पहिली पावण्याने सोडून दिली, दुसरी धरली.

नीरजा पुढच्या रविवारी सकाळी आली. चपला काढल्या आणि थेट टाकीपुढे मांडी घालून बसली. ॲनिमोन पूर्वीच्या निम्मा होता, पण उघडा होता, आणि मासा त्याच्यात अर्धा शिरून बाहेर बघत होता. ती बराच वेळ बघत राहिली. मग कोपऱ्यातल्या एका प्रवाळाकडे बोट केलं. ते पांढरंफटक पडलं होतं. नुसता सांगाडा.

"हे?"

"ते माझ्यामुळे गेलं," विश्रामराव म्हणाले.

नीरजा खाली वाकली आणि स्टँडच्या आतला कागद वाचायला लागली. विश्रामरावांना तिची फक्त पाठ दिसत होती. चौथ्या कलमावर जुनी लाल खाडाखोड तशीच होती. तिच्याखाली नव्या लाल शाईत लिहिलं होतं: वरील दुरुस्ती चुकीची होती, ती रद्द करण्यात येत आहे. मूळ मजकूर कायम. आणि पूर्ण सही; समासातली बारीक नव्हे, बदलीच्या ऑर्डरवर करायचे ती.

वाचायला दोनच ओळी होत्या. नीरजा त्या वाचतच राहिली. शेवटी तिने चिकटपट्टीचे चारही कोपरे नखाने अलगद सोडवले, कागदाची घडी केली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली.

"झेरॉक्स काढलीस ना?" तिने विचारलं.

"दोन," विश्रामराव म्हणाले.

मंदाकिनीबाईंनी पानं घेतली. लेक दोन महिन्यांनी आली म्हणून हलवा मासळीचं कालवण होतं, वर तळलेल्या तुकड्या, सोलकढी. सकाळपासून त्या एकदाही बसल्या नव्हत्या. विश्रामरावांनी पहिला घास घेतला आणि नेहमीप्रमाणे मान डोलावली. मंदाकिनीबाई आणखी भात आणायला आत गेल्या. नीरजाने दाराकडे पाहिलं, खुर्ची थोडी सरकवली आणि लहानपणी एकदाही केलं नव्हतं तसं बापाच्या कानाशी तोंड नेलं. विश्रामरावांनी घास हातातच धरला आणि श्वास रोखून ऐकलं.

"बाबा, कालवण खारट झालंय. आईला तू सांगशील?"