बांगसाहेबांना ऐकू येत नाही

नाम गी-हो चीनमधल्या दानदोंगात, उत्तर कोरियाच्या सीमेवरच्या नदीकाठी, अकरा वर्षं राहत होता. त्यातली सात वर्षं दर मंगळवारी आणि शुक्रवारी तो बांगसाहेबांबरोबर एका टेबलावर जेवला आणि त्यांच्याशी एक शब्दही बोलला नाही.

भांडण नव्हतं. नाम दक्षिण कोरियाचा, थंडीची जाकिटं शिवून घेणारा. बांगसाहेब उत्तर कोरियाचे, नदीपलीकडच्या कारखान्यातून ती शिवून देणारे. दोघांची भाषा एक, किमचीची आवड एक, आणि त्यांनी एकमेकांशी बोललेलं न आवडण्यावर दोघांच्या सरकारांचंही एकमत. म्हणून मध्ये हाममावशी बसत. मावशी जन्माने कोरियन, कागदोपत्री चिनी, आणि खानावळही त्यांचीच.

नाम मावशींकडे बघून म्हणे, "त्यांना सांगा, चेन अडकतेय." मावशी वळून म्हणत, "चेन अडकतेय म्हणतात." नामपासून दोन हातांवर बसलेले बांगसाहेब ही बातमी आत्ताच कळल्यासारखा चेहरा करत. कोरियनचं कोरियनमध्ये भाषांतर हे सोपं काम नव्हे. "त्या गाढवाला सांगा"चं "साहेबांना विनंती आहे" करायला डोकं लागतं.

टेबलाच्या चौथ्या बाजूला युन असे. बांगसाहेबांवर नजर ठेवायला त्यांच्याच सरकारने त्याला बरोबर पाठवलेलं होतं, वहीसकट. धंद्याचं बोलणं वहीत उतरे. धंद्याबाहेरचं निघालं तर तेही उतरे, आणि मग पुढच्या मंगळवारी त्या खुर्चीत दुसरंच कोणी बसलेलं असे. बांगसाहेबांच्या आधीचे दोघं असेच गेले होते. एकाने नामच्या मुलीचं लग्न ठरलं का, एवढंच विचारलं होतं.

अशात मे महिन्यात नामची आई आठवडाभरासाठी आली. वय ऐंशी. तिचं माहेर नदीपलीकडे, बेगोक गावात. सत्तावन्न वर्षांपूर्वी लढाईत सुटलं ते सुटलंच.

"दारातली नासपती आहे का रे अजून?" तिने खिडकीतून नदीकडे बघत विचारलं.

"मला काय माहीत, आई."

"अकरा वर्षं इथं राहतोस. पलीकडच्या माणसाबरोबर जेवतोस. एवढं विचारवलं नाही?"

"तसं विचारता येत नाही."

"माझं आता पुन्हा येणं व्हायचं नाही," ती म्हणाली, आणि मग दोन दिवस काही बोललीच नाही. ओरडली असती तर नामला बरं वाटलं असतं.

मंगळवारी तिला घरी एकटं ठेवायचं कसं म्हणून त्याने खानावळीत नेलं. एक अक्षर बोलायचं नाही, असं वाटेत तीनदा बजावलं.

"मी कशाला बोलतेय," आई म्हणाली.

जेवण येईपर्यंत तिने शब्द पाळला. मग ती थेट बांगसाहेबांकडे वळली. "काय रे बाबा, बेगोक माहीत आहे का तुला? शाळेमागचं पहिलं घर. दारात नासपती होती. आहे का अजून?"

युनने पेन उघडलं. बांगसाहेब वाटीत बघत राहिले. मावशींनी सवयीने तोंड उघडलं, "त्या विचारतात, नासपती..." आणि मिटलं.

"याला ऐकू येत नाही होय? मग आधी सांगायचं नाही का," असं म्हणून आईने बांगसाहेबांच्या कानाशी वाकून तोच प्रश्न पुन्हा विचारला. तो रस्त्यापर्यंत ऐकू गेला.

बांगसाहेबांची मान लाल झाली. ऐंशी वर्षांची बाई विचारतेय आणि आपण गप्प, हे नदीच्या कुठल्याच काठावर चालत नाही. आईला बहुधा त्यांची दया आली. तिने माशाचा चांगलासा तुकडा काढून त्यांच्या भातावर ठेवला. बांगसाहेबांनी दोन्ही हातांनी वाटी उचलली, मान झुकवली आणि मुकाट्याने खाल्लं.

"हे काय म्हणून लिहू?" युनने मावशींना विचारलं.

"लिहा, साहेबांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं. आजींनी चौकशी केली."

युनने विचार केला. तेवढ्यात त्याच्याही भातावर मासा पडला. "तूपण खा. लिहून पोट भरतं का?" आई म्हणाली. युनने लिहिलं, वही मिटली आणि खाल्लं.

तीन दिवस नामच्या डोळ्यांसमोर ती खुर्ची होती. शुक्रवारी आईला घेऊन तो खानावळीच्या दारात थबकला. खुर्चीत बांगसाहेबच होते. दुसऱ्या दिवशी आई परत जाणार होती.

"त्यांना विचारा," नाम मावशींना म्हणाला, "गुरुवारचा माल आज का आला?"

बांगसाहेब मावशींकडे बघून बोलले, पण केवढ्यानं! कमी ऐकू येणारा माणूस मोठ्यानं बोलतो, हे वहीत बसण्यासारखं होतं. "ट्रक बेगोकवरून आला! शाळेमागच्या पहिल्या घरापाशी थांबला! त्या घरात आता तीन बिऱ्हाडं आहेत! दारातली नासपती वाकलीय, खाली टेकू दिलाय! पांढरीशुभ्र फुललीय, पाकळ्या पार काचेवर! ड्रायव्हर झाडत बसला, म्हणून उशीर!"

सात वर्षांत पहिल्यांदाच मावशींनी भाषांतर केलं नाही.

कारखान्यापासून नदीवरच्या पुलापर्यंत सरळ दहा मिनिटांचा रस्ता. बेगोक नेमकं उलट्या दिशेला. हे टेबलावरच्या सगळ्यांना माहीत होतं, वहीवाल्यालाही. आईने चॉपस्टिक खाली ठेवल्या. "टेकू दिलाय म्हणजे ऑक्टोबरात अजून फळ धरत असणार," ती स्वतःशीच म्हणाली आणि वाटी पुढे ओढून जेवायला लागली.

अकरा वर्षांत नामने कुणाचा एक तासही उशीर खपवून घेतला नव्हता. "त्यांना सांगा, हरकत नाही. ऑक्टोबरच्या मालाला एक दिवस उशीर झाला तरी चालेल."

"ऑक्टोबरला उशीर चालेल म्हणतात."

"कारण?" युनने पेन टेकवून विचारलं.

"रस्ता लांबचा आहे, लिहा," मावशी म्हणाल्या.

युनने लिहिलं.

शनिवारी सकाळी आईने भरलेली बॅग पुन्हा उघडली, घरात घालायच्या सपाता बाहेर काढल्या आणि नामच्या दाराशी जोडीने लावून ठेवल्या.

"राहू देत इथंच," ती म्हणाली. "ने-आण कोण करत बसणार."